बुकावरचा रक्तगट

कारखान्याच्या वसाहतीत प्रत्येक क्वार्टरमध्ये एक मेडिकल बुक असे. निळसर पुठ्ठ्याचं, बँकेच्या पासबुकाहून थोडं मोठं. पहिल्या पानावर नोकरी करणाऱ्याचा स्टाफ नंबर. दुसऱ्या पानावर कुटुंबाचा एकत्र फोटो आणि त्याच्या कोपऱ्यावर गोल शिक्का. तिसऱ्या पानावर तक्ता: नाव, नातं, वय, रक्तगट. पुढची पानं आजारांची. हे बुक दाखवलं की कारखान्याच्या रुग्णालयात तपासणी, औषध, खाट, जेवण, सगळं मिळे. भोपाळ शहरातल्या लोकांना आमचा हेवा वाटायचा तो या बुकामुळे.

बुक एकमेकांना दिलं जाई. नागपूरहून मावशी आली की तिची दाढ आईच्या नावावर निघे. बुकाप्रमाणे माझ्या आईच्या तोंडात एव्हाना एकही दाढ उरली नसावी. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरात राहणाऱ्या काकांचा चष्मा बाबांच्या नावावर झाला होता. रुग्णालयाच्या खिडकीवरच्या लोकांना हे माहीत होतं. त्यांच्याही मावश्या होत्या. याला कोणी खोटेपणा म्हणत नसे. कुकर मागावा तसं बुक मागितलं जाई.

ती, माझी मैत्रीण, आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहत होती. तिचे वडील फाउंड्रीत होते, माझे स्टोअर्समध्ये. तिचं घर उज्जैनकडचं, आमचं नागपूरचं. आम्ही दोघी वसाहतीच्या शाळेत पहिलीपासून एका बाकावर. नववीत शाळेत डॉक्टर आले, सगळ्यांच्या बोटाला सुई टोचली आणि ओळखपत्रावर रक्तगट लिहून गेले. माझा निळ्या शाईत, तिचा लाल शाईत. बी निगेटिव्ह. वर्गात ती एकटीच.

"मी दुर्मीळ आहे," ती मधल्या सुट्टीत म्हणाली. "तुम्ही सगळ्या भाजीपाला. जपा मला."

पुढचे पंधरा दिवस ती आमच्याकडून डबा उघडून घेत होती, दप्तर उचलून घेत होती, कारण ती दुर्मीळ होती.

अकरावीच्या दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. काकूंनी, म्हणजे तिच्या आईने, कावीळ झाल्याचं सांगितलं. हवापालटासाठी तिला दादाकडे ठेवलं होतं. हा तिचा मोठा भाऊ, कारखान्यातच नोकरीला. वसाहतीच्या दुसऱ्या टोकाच्या सेक्टरमध्ये त्याला नुकतंच क्वार्टर मिळालं होतं. तिथले शेजारी नवे होते. हवापालट तीन किलोमीटरवर होता, याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मी वर्गातल्या वह्या घेऊन गेले. दार वहिनीने उघडलं. वहिनी इंदूरची, तेवीस वर्षांची, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. तिने मला आत घेतलं, कडी लावली आणि म्हणाली, "बघ आता. तू बघितलंस की संपलं. बाहेर बोललीस तर मी तुझं काही करणार नाही, पण ही जीव देईल."

ती पलंगावर बसली होती. वहिनीचा गाऊन घातलेला. सहावा महिना होता. मी सोळा वर्षांची होते, तीही.

यात पुरुष कोण होता, हे मला आजही माहीत नाही. तिच्या वडिलांनी एकदा विचारलं, ती बोलली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि त्यानंतर इतर कशाबद्दलही ते तिच्याशी बोलले नाहीत. काकूंच्या लक्षात आलं तेव्हा पाचवा महिना उलटला होता. शहरातल्या एका खाजगी डॉक्टरणीने तपासून सांगितलं की आता काढता येणार नाही. कोणत्या रुग्णालयात नाव घालायचं, हे तिने विचारलं तेव्हा काकू उठून आल्या.

वसाहतीच्या रुग्णालयात गरोदर बायकांसाठी सर्व काही होतं. आठवड्यातून दोन दिवस तपासणी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, वजनकाटा, रात्रंदिवस उभी असलेली अॅम्ब्युलन्स. भिंतीवर दोन मुलांच्या सुखी कुटुंबाचं चित्र. बुकात 'अविवाहित मुलगी' असाही रकाना होता. त्या रकान्यातल्या मुलीला ताप, टॉन्सिल, दात आणि चष्मा यांवर उपचार मिळत. बाळंतपण हे फक्त 'पत्नी' या रकान्यात मिळे. तिने वडिलांच्या बुकावर नाव घातलं असतं तरी खिडकीवरून वडिलांचा स्टाफ नंबर मोठ्याने पुकारला गेला असता. वसाहतीत माणसं एकमेकांना नंबरावरून ओळखत. किराण्याच्या दुकानातसुद्धा.

मग त्यांनी जे केलं ते वसाहतीत कोणीही केलं असतं. बुक दिलं.

वहिनीने स्वतःचं नाव, वय आणि नवरा तिला उसना दिला. ठरलं ते असं: तपासणी, बाळंतपण सगळं वहिनीच्या नावावर. मूल दादा-वहिनीचं दुसरं मूल म्हणून लागेल. ती पुढच्या जूनमध्ये शाळेत परत जाईल. वहिनीचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, इंदूरला झालं होतं, त्यामुळे इथल्या बाळंतिणींच्या वॉर्डात तिचा चेहरा कोणाला ठाऊक नव्हता. दादाच्या बुकातल्या फोटोवरचा शिक्का नेमका वहिनीच्या गालावर बसला होता. काकूंनी हे देवाने केल्याचं सांगितलं.

तपासणीच्या दिवशी तिला वहिनीची साडी नेसवली जाई. गळ्यात वहिनीचं मंगळसूत्र, पायात जोडवी. जोडवी सैल होती म्हणून आत दोरा गुंडाळला होता. संध्याकाळी सगळं उतरवून परत वहिनीच्या अंगावर.

"मी बिनपोटाची गरोदर," वहिनी म्हणायची. थंडीचे दिवस होते, ती बाहेर जाताना सैल स्वेटर आणि वर शाल घेत असे. "समोरची म्हणते, या खेपेला पोट कमी दिसतंय, मुलगी होणार. मी म्हटलं, हो, जाणवतंय मला."

माझी मैत्रीण तेव्हा वह्यांतली गणितं उतरवून घेत होती. तिला शाळेत परत जायचं होतं आणि ती जाणार, असं आम्ही तिघीही धरून चाललो होतो.

एकदा वहिनीच्या मुलाला ताप होता आणि तपासणीचा दिवस चुकवायचा नव्हता. वहिनीने मला सोबत पाठवलं. "नणंद आहे म्हणून सांग," ती म्हणाली. म्हणजे त्या दिवशी मी ती होते आणि ती वहिनी.

रांग मोठी होती. आत नर्सने बुक उघडलं आणि वर न पाहता विचारलं, "दूसरा है ना?"

"जी."

"पहला नॉर्मल?"

"जी."

"उमर तेईस." हे नर्सने स्वतःच वाचून लिहिलं. वजन केलं, रक्तदाब घेतला, पोटावर हात ठेवून पाहिलं. पहिलटकरणी आणि कमी वयाच्या बायका यांचे कागद वेगळ्या ढिगात जात. तो ढीग मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः बघत. तिचा कागद दुसऱ्या ढिगात गेला. वेगळा ढीग आहे हे आम्ही दोघींनी पाहिलं. तो का आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं.

मग प्रयोगशाळेची खिडकी. तिथला तंत्रज्ञ सगळ्या बायकांच्या दोन नळ्या भरत होता, एक हिमोग्लोबिनसाठी, दुसरी रक्तगटासाठी. तिने हात पुढे केला. त्याने बुकाचं तिसरं पान उलटलं.

"ग्रुप तो लिखा हुआ है, ओ पॉझिटिव्ह," तो म्हणाला. "पहले का. फिर काहे को दो बार खून दे रही हो, भाभी? एक ही नली में काम हो जाएगा."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचं ओळखपत्र आम्हा दोघींना एकाच वेळी आठवलं असावं. ते घरी दप्तरात होतं, लाल शाईचं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की दुसरी नळी भरली असती तर रक्त जुळलं नसतं आणि आम्ही पकडल्या गेलो असतो. एकच नळी भरली गेली. खिडकीपासून दूर आल्यावर तिने श्वास सोडला.

"वाचलो," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. "मला तर घाम फुटला होता."

बाहेर आम्ही शेंगदाणे घेतले आणि चालत घरी आलो.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला कळा सुरू झाल्या. दुसरं बाळंतपण, वेळ लागत नाही, म्हणून नर्सने दादाला सांगितलं होतं की कळा जोरात आल्यावरच आणा. प्रत्यक्षात दीड दिवस गेला. वॉर्डात फक्त एका बाईला सोबत राहता येई. काकू राहिल्या. ती ओरडत होती तेव्हा आयाने म्हटलं, "दूसरे में इतना नखरा?" हे काकूंनी माझ्या आईला सांगितलं. आईने बुकाच्या बाबतीत तोपर्यंत काहीही विचारलं नव्हतं आणि त्या दिवशीही विचारलं नाही. फक्त डब्यातून मऊ भात पाठवत राहिली.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बुकात नोंद झाली: प्रसूती नॉर्मल, माता व बालक ठीक. बाळाच्या चिठ्ठीवर रक्तगट बी पॉझिटिव्ह. दादाचा गट तोच होता, त्यामुळे कागदांचा मेळ बसला. कागदांत कुठेही काही चुकलं नव्हतं.

तिचं दूध बांधून टाकलं. बाळाला वरचं दूध लागलं. वहिनीला दूध येत नाही याचं शेजारणींना वाईट वाटलं. तीन आठवड्यांनी ती खालच्या क्वार्टरमध्ये परत आली. जूनमध्ये ती शाळेत गेली नाही. वडील नको म्हणाले. तिने बारावी बाहेरून केली.

मी पुढे शिकले आणि शहरातल्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक झाले. रविवारच्या पुरवणीत आरोग्याचं अर्धं पान माझ्याकडे होतं. एका डॉक्टरांचा लेख तपासत होते. निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला पॉझिटिव्ह गटाचं मूल झालं तर बाळंतपणात मुलाचं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि आईचं शरीर त्या रक्ताविरुद्ध तयारी करतं. पहिल्या मुलाला काही होत नाही. पुढच्या मुलांवर ती तयारी चालून जाते. बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन दिलं तर हे टळतं. लेख पाचशे शब्दांचा होता, जागा चारशेंची. मी शंभर शब्द कापले आणि पान सोडलं. मग पायऱ्यांवर जाऊन बसले.

तोपर्यंत तिचं लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. ग्वाल्हेरचं सासर, नवरा शिक्षक. पहिलं मूल पूर्ण दिवसांचं झालं, हळदीसारखं पिवळं, आणि तिसऱ्या दिवशी गेलं. दुसरं आठव्या महिन्यात पोटातच गेलं. तिसरं सातव्या महिन्यात. त्या लेखानंतर काही दिवसांनी तिच्या वडिलांचं निधन झालं तेव्हा ती आली. मुलं गेल्याचं मला कळलं होतं, बाकीचं तिने मला त्या वेळी सांगितलं, आमच्या जुन्या ब्लॉकच्या जिन्यात.

"तिथल्या डॉक्टरांना कळलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच खेपेला म्हणाले, पहिल्या मुलाला असं होत नाही. आधी काही झालंय का? सासूबाई शेजारी बसल्या होत्या. मी नाही म्हटलं. मग त्यांनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं."

"मग?"

"मग काय. सासूबाई पडद्यामागे होत्या. त्यांच्या चपला दिसत होत्या मला."

ती चार वेळा नाही म्हणाली होती. डॉक्टरांनी कागदावर 'पूर्वी रक्त चढवलेले असण्याची शक्यता' असं लिहिलं. त्यांनी त्यांच्या परीने वाट काढून दिली होती.

मी तिला प्रयोगशाळेच्या खिडकीबद्दल विचारलं. मी तेव्हा बोलले असते तर, असं काहीतरी.

"तू बोलली असतीस तर मी तुला तिथेच मारलं असतं," ती म्हणाली. "उगाच आता मोठेपणा घेऊ नकोस."

तिसऱ्या खेपेनंतर सासरच्यांनी तिला विश्रांतीसाठी माहेरी पाठवलं. परत बोलावलं नाही. सोडचिठ्ठीही झाली नाही. नवऱ्याने पुढे काय केलं ते सगळ्यांना माहीत होतं आणि घरात त्यावर कोणी बोलत नसे. दादाने अवधपुरीत घर बांधलं तेव्हा मागची खोली तिला दिली. अयोध्या नगरच्या एका लहान शाळेत ती ग्रंथालय सांभाळू लागली. बारावी बाहेरून आणि नंतरचा एक अभ्यासक्रम पत्राने, तेवढ्यावर मिळालेली ती नोकरी.

घरातली मुलगी तिला आत्या म्हणे. वेण्या आत्याकडून घालून घेई, पण ताप आला की आईजवळ जाई. वहिनीने त्या मुलीला कधी काही कमी केलं नाही, हे मी पाहिलं आहे. मुलीला काही सांगायचं नाही, असं कोणी कोणाला बजावलं नव्हतं. सांगावं लागेल अशी वेळच आली नाही.

त्या मुलीचं चोविसाव्या वर्षी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी तिचं डोहाळजेवण अवधपुरीच्या घरी होतं. मला आमंत्रण होतं. पुढच्या खोलीत झोपाळा फुलांनी सजवला होता. सासरकडच्या बायका आल्या होत्या, काही हिंदी बोलणाऱ्या. ओटी भरायला एकेकीला बोलावत होते. मुलीच्या सासरकडची एक वयस्क बाई वहिनीला हळू आवाजात, पण ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाली, "आत्याबाईंना राहू द्या हं. तीन गेलीयत ना त्यांची. राग मानू नका, पण अशा वेळी बघावं लागतं."

वहिनीचा चेहरा लाल झाला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग ओटीचं ताट पुढच्या बाईच्या हातात दिलं.

आत्या स्वयंपाकघरात होती. तिने ते ऐकलं होतं की नाही, सांगता येत नाही. ती आधीपासूनच तिथे होती. पुरणपोळ्या तिने केल्या होत्या, पाच प्रकारचे भातही. मी आत गेले तेव्हा ती वाट्या मोजत होती.

"तू तिची फाइल पाहिलीस का?" तिने विचारलं.

"कसली?"

"दवाखान्याची. टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. मला बघता येत नाही, ती विचारेल कशाला म्हणून. तू पेपरवाली आहेस, तुला सगळे देतात."

मी बाहेर गेले. फाइल मागितली, आजकाल खाजगी दवाखाने काय काय तपासतात ते बघायचं आहे म्हणून. मुलीने हसून दिली. मी चाळून परत ठेवली आणि आत आले.

"बी पॉझिटिव्ह," मी म्हटलं.

"तपासलंय की लिहिलंय?"

मला कळायला एक क्षण लागला. मी पुन्हा बाहेर जाऊन पाहिलं. पहिल्या पानावरचा फॉर्म मुलीने स्वतः भरला होता. रक्तगट तिच्या अक्षरात होता, जन्माच्या चिठ्ठीवरून आलेला. हिमोग्लोबिनची, साखरेची, थायरॉइडची पावती होती. रक्तगटाची पावती नव्हती. आईच्या पूर्वीच्या बाळंतपणांबद्दल एक ओळ होती. तिथे वहिनीने सांगितलेलं होतं: दोन, दोन्ही नॉर्मल.

"लिहिलंय," मी आत येऊन म्हटलं.

ती वाट्या मोजायची थांबली. "वहिनीला सांग. परत तपासायला लाव. तू वाचलंस म्हणून सांग कुठेतरी. माझं नाव नको."

"पोरगी तुझं ऐकेल की."

"ऐकेल. पण का म्हणून विचारेल. ती हुशार आहे." मग ती म्हणाली, "वाढायला घे. भात गार होतोय."

मी त्याच संध्याकाळी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं. तिने डोळे पुसले, पदर नीट केला आणि पाहुण्यांना निरोप द्यायला गेली. दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. वहिनीने मला फोन करून निकाल सांगितला आणि म्हणाली, तूच तिला सांग, मला जमत नाही.

मी शाळेच्या ग्रंथालयात फोन लावला.

"पॉझिटिव्हच आहे," मी म्हटलं. "रक्त काढून तपासलंय. पावती वहिनीकडे आहे."

"बरं," ती म्हणाली. मागे मुलांचा गलका होता. तिने कोणाला तरी गप्प बसायला सांगितलं. मग विचारलं, "सुईला घाबरते ती. सोबत कोण गेलं होतं?"

"वहिनी."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.